घरी गाडीची लिफ्ट बसवताय? आधी जमीन बघा

लिफ्ट म्हटली की सगळे आधी विचारतात किती टनांची घेऊ, पण गोव्यात पहिला प्रश्न जमिनीचा आहे. टू-पोस्ट लिफ्टचा सगळा भार दोन खांबांच्या बुडाशी येतो आणि तिथले अँकर बोल्ट धरून ठेवतं ते फक्त काँक्रीट. आपल्याकडे जुन्या शेडमध्ये चिऱ्याच्या भरावावर पातळ कोबा नि वर लाद्या, त्यात बोल्ट टिकत नाही. कोपऱ्यात ड्रिलने एक भोक पाडा, जाडी लगेच कळते. बऱ्याच लिफ्टना निदान 100 मिमी सलग काँक्रीट लागतं, तरी मी म्हणेन जुनं सगळं उखडून सळई घातलेला 150 मिमीचा एम25 (काँक्रीटची मजबुतीची प्रत) स्लॅब ओता, नीट पाणी मारा आणि 28 दिवस थांबा, मेस्त्री आठवड्यात होईल म्हणाला तरी ऐकू नका. घर खाजनाजवळ (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीजवळ) किंवा भराव टाकलेल्या जागेवर असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हातच लावू नका.

उंचीचा हिशोब सोपा, 1.8 मीटर उंच एसयूव्ही 1.8 मीटर उचलली की 3.6 झाले, वर थोडी मोकळी जागा हवीच. कौलारू छप्पर उतरतं असतं म्हणून आढ्याखाली नाही, गाडीचं टप जिथे येईल तिथे मोजा. बसत नसेल तर मिड-राइज सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारखी उघडणारी बुटकी लिफ्ट घ्या, साधारण मीटरभर उचलते, ब्रेक-टायरला पुरते. काहीजण म्हणतात लिफ्टऐवजी गाडीखाली उतरायला खड्डाच खणूया, पण पावसात त्यात पाणी भरतं आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचून राहते, एक ठिणगी पुरे.

मोटर सिंगल फेज की थ्री फेज ते ऑर्डरआधीच ठरवा.

वापरताना लिफ्टच्या हातांवरचे पॅड गाडीच्या मॅन्युअलमधल्या जॅक पॉइंटखालीच लावा, टायर जमिनीवरून वीतभर सुटले की थांबा, गाडी हलवून बघा, डगमगली तर खाली घ्या नि पॅड परत लावा. मग वर नेऊन खांबातल्या लोखंडी लॉकवर टेकवा, दोन्ही खांबांचे लॉक बसल्याचा खट्ट आवाज ऐकू आला पाहिजे, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कधीही खाली शिरायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवणार असाल तर तोल बदलतो, आधी उंच स्टँडचा आधार द्या.

किनाऱ्याजवळ राहत असाल तर खारं वारं लिफ्टचा वायर रोप (तारांचा दोर) खातं. पावसाआधी नि पावसानंतर रोप, बोल्ट तपासा, एक तार जरी तुटलेली दिसली तर रोप बदलेपर्यंत लिफ्ट बंद.