जुनी गाजलेली प्रकरणं नीट कशी वाचायची : महाराज लायबल ते रखमाबाई

जुनं कुठलंही गाजलेलं प्रकरण निघालं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, बाई कशी होती? दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत हाच प्रश्न होता आणि आज व्हॉट्सअ‍ॅपवर तीच गोष्ट फिरते तेव्हाही हाच असतो. माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा, किंवा विचारूच नका, कारण कागद उघडले की कळतं खरं भांडण पैशाचं, जातीचं, कायद्याचं आणि कोणाचं कोणावर चालतं याचं होतं, आणि बाईचं चारित्र्य त्या सगळ्यावर पांघरूण म्हणून घातलेलं होतं. हे पांघरूण कसं काढायचं ते मी मुंबईच्याच प्रकरणांवरून सांगतो, कारण त्यांचे कागद आहेत, ते छापलेले आहेत आणि त्यातले बरेच घरबसल्या मिळतात.

सुरुवातीलाच एक बघायचं, कोर्टात कोणी कोणाला ओढलं आणि नेमकं कशासाठी. हे साधं वाटतं पण निम्मे लोक इथंच चुकतात. महाराज लायबल केस घ्या. लोकांना वाटतं की पुष्टिमार्ग या कृष्णभक्त पंथाच्या महाराजांवर, म्हणजे गुरूंवर, बायकांच्या शोषणाचा खटला चालला. तसं नाहीये. करसनदास मुळजी नावाचा गुजराती पत्रकार, त्याचं सत्यप्रकाश नावाचं पत्र, त्यात 21 ऑक्टोबर 1860 ला त्यानं लेख लिहिला की हे महाराज भक्तांच्या बायकामुलींशी संबंध ठेवतात आणि त्याला धर्माचं नाव देतात. मग जदुनाथजी महाराजांनी 1861 मध्ये करसनदासवरच अब्रुनुकसानीचा दावा लावला, पन्नास हजार रुपयांचा. म्हणजे कोर्टासमोर प्रश्न होता पत्रकारानं बदनामी केली का नाही, आणि महाराजांचं वागणं त्यात आलं ते फक्त पत्रकाराच्या बचावापोटी. हे एकदा डोक्यात बसलं की साक्षी वेगळ्याच दिसायला लागतात.

आता या साक्षी वाचा, खरंच वाचा. 1862 मध्येच या खटल्याचा रिपोर्ट पुस्तकासारखा छापला गेला आणि त्याचं स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर मिळतं. त्यात आपले डॉ. भाऊ दाजी लाड उभे आहेत, आणि ते शपथेवर सांगतात की मी या महाराजांवर गरमीच्या म्हणजे सिफिलिसच्या रोगासाठी उपचार केलेत. विचार करा, 1862 सालची मुंबई, समोर पंथाचा गुरू, भोवती सगळे धनाढ्य शेटिये, आणि एक डॉक्टर हे बोलतोय. मला हा माणूस यासाठी फार मोठा वाटतो. त्याआधी महाराजांना मानणाऱ्या भाटिया समाजातल्या पुढाऱ्यांनी एकी केली होती की महाराजांविरुद्ध कोणी साक्ष द्यायची नाही, त्यावर वेगळा कटाचा खटला झाला आणि त्या मंडळींना दंड झाला. हा छोटा खटला वगळू नका, कारण समाज तोंड कसं बंद करतो ते मोठ्या खटल्यापेक्षा इथं जास्त उघडं दिसतं. 22 एप्रिल 1862 ला निकाल लागला, मुख्य मुद्द्यावर करसनदास जिंकला आणि त्याला साडेअकरा हजार खर्चही मिळाला. न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी तिथं मांडलं की जे नीतीच्या दृष्टीनं चूक आहे ते धर्माच्या दृष्टीनं बरोबर ठरू शकत नाही. हे वाक्य सगळे सांगतात. पण तुम्ही एक काम करा, साक्षीदारांची नावं एका कागदावर उतरवा आणि त्यात बायका किती ते मोजा, कारण सगळं भांडण त्यांच्या शरीरावरून चाललं होतं.

एक सर्चची गोष्ट, त्यावेळी मुंबई हायकोर्ट नव्हतंच, ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झालं. हा खटला सुप्रीम कोर्टात चालला, म्हणजे मुंबईतलं जुनं सुप्रीम कोर्ट, दिल्लीचं नाही. लोक हायकोर्ट टाकून शोधतात आणि काही मिळालं नाही म्हणून सोडून देतात.

आता रखमाबाई. इथं मी जास्त वेळ घेणार आहे कारण जुनं प्रकरण वाचायला शिकायचं तर याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. गोष्ट सगळ्यांना साधारण माहितीये, 1864 चा जन्म, अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न, पण ती सासरी नांदायला गेली नाही, आईकडे आणि सावत्र वडिलांकडे म्हणजे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे राहिली, शिकली, आणि 1884 मध्ये नवऱ्यानं कोर्टात मागणी केली की माझी बायको मला द्या. इथं थांबून पैसा शोधायचा. प्रत्येक प्रकरणात शोधायचा, सापडतोच. रखमाबाईंचे सख्खे वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले होते, आणि आईनं दुसरं लग्न करताना पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावावर केली होती. म्हणजे दादाजीला हवी होती ती बायको नावावर मालमत्ता असलेली होती. हे वाचल्याशिवाय "नवऱ्याला संसार हवा होता" असं म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका.

मग जात बघा. आईचं दुसरं लग्न कसं काय झालं, तर हे कुटुंब सुतार समाजातलं होतं आणि तिथं विधवेचं लग्न चालत होतं. आपण त्या काळातल्या बाईचा इतिहास म्हणून जो वाचतो तो बराचसा ब्राह्मण घरांचा असतो, आणि त्यावरून सगळ्यांचं ठरवून टाकतो. कोणत्या जातीत काय चालत होतं हे प्रत्येक वेळी वेगळं तपासावं लागतं, याला शॉर्टकट नाही.

आता कायदा, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 21 सप्टेंबर 1885 ला न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजीचा दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत तर परत मिळवायचं काय, आणि असा दावा मुळात इंग्लंडातून आलाय, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही. अपिलात 1886 मध्ये हे फिरवलं गेलं, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की महिनाभरात नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. आणि बाहेर ओरडा काय चालला होता, धर्म बुडाला, रूढी बुडाली, शिकलेल्या पोरी डोक्यावर बसल्या. पण बायकोला कोर्टामार्फत परत आणायचा हा दावा इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून आलेला होता, आणि खुद्द इंग्लंडात 1884 मध्ये त्यासाठीचा तुरुंगवास काढून टाकला होता! म्हणजे इंग्लंडनं टाकून दिलेली शिक्षा इथं आपल्या धर्माच्या रक्षणासाठी मागितली जात होती. हे कुठल्याही फॉरवर्डमध्ये येत नाही, निकाल वाचला तरच हाती लागतं. इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत नवव्या खंडात 1885 चा निकाल आहे आणि दहाव्या खंडात 1886 चा, दोन्ही एकामागून एक वाचा, भाषा जड असली तरी पहिल्या दोनतीन पानांनंतर सरावते.

शोधताना स्पेलिंगची काळजी घ्या. इंग्रजी कागदात त्यांचं नाव कुठं रुक्माबाई, कुठं रखमाबाई, कुठं रुख्माबाई असं येतं, आणि निकालात नवऱ्याचं नाव आधी असतं कारण दावा त्याचा. तीनचार प्रकारे टाकून बघितल्याशिवाय "काही मिळत नाही" असं ठरवू नका.

वर्तमानपत्रांचं सांगतो. जुनं पत्र वाचताना त्या तारखेला संपादक कोण होता हे आधी बघा. उदाहरणार्थ केसरी म्हटलं की आपण टिळक असं धरून चालतो, पण 1887 च्या ऑक्टोबरपर्यंत संपादक आगरकर होते आणि इंग्रजी मराठा टिळकांकडे होता, आणि या प्रश्नांवर दोघांची मतं किती वेगळी होती ते तर सगळ्यांना माहितीये. त्यामुळे "केसरीनं असं लिहिलं" एवढ्यावर थांबू नका, कोणत्या महिन्यात आणि कोणी ते बघा. मराठी गुजराती पत्रांत काय छापून येतं याचा सरकार आठवड्याला इंग्रजीत सारांश काढत असे, देशी वृत्तपत्रांचे ते रिपोर्ट काळा घोड्याजवळ एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात मिळतात. मूळ अंक हरवलेले असतात तिथं हे फार उपयोगी पडतात, फक्त लक्षात ठेवा की काय निवडायचं ते सरकारनं ठरवलंय. मुंबईत असाल तर टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि दादरचं मराठी ग्रंथसंग्रहालय इथंही जा.

आणि बाई स्वतः काय म्हणाली ते शोधा, ते असेल तर सगळ्यात आधी तेच वाचा. रखमाबाईंनी जून आणि सप्टेंबर 1885 मध्ये टाइम्स ऑफ इंडियात "हिंदू लेडी" या सहीनं दोन पत्रं लिहिली, एक बालविवाहावर, दुसरं लादलेल्या वैधव्यावर. तारखा बघा, दोन्ही निकालाच्या आधीची आहेत, म्हणजे खटला गाजल्यावर कोणीतरी त्यांच्या तोंडी शब्द घातले असं म्हणायला जागाच नाही.

सगळ्यांचा आवाज मात्र मिळत नाही. 1881 मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला तान्हं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी झाली, आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या नीतीवर ताशेरे सुरू झाले. मुलाचा बाप कोण हे कोणी विचारलं नाही. ते विचारलं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी, 1882 मध्ये स्त्रीपुरुषतुलना लिहून, आणि आजही ते वाचताना त्यांचा राग अंगावर येतो. त्याच्याही जवळजवळ वीस वर्षं आधी, 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, की विधवांनी इथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल तिथंच ठेवायचं का बरोबर न्यायचं ते त्यांनी ठरवावं. म्हणून असं प्रकरण वाचताना एक प्रश्न लिहूनच ठेवा, यातला पुरुष कुठं गेला? तो कागदात नसतो तेव्हा त्याचं नसणं हीसुद्धा माहितीच असते.

अफवा कशी तपासायची, तर शेवट बघायचा. रखमाबाईंच्या बाबतीत सगळीकडे लिहिलेलं असतं की राणी व्हिक्टोरियानं स्वतः लग्न रद्द केलं. असं काही नाही. जुलै 1888 मध्ये तडजोड झाली, दादाजीनं दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. तेव्हाच्या हिंदू कायद्यात घटस्फोट नव्हता, त्यामुळे लग्न कागदावर तसंच राहिलं. रखमाबाई 1889 मध्ये लंडनला डॉक्टरी शिकायला गेल्या, परत येऊन सुरत, राजकोट इथं कितीतरी वर्षं काम केलं, आणि 1904 मध्ये दादाजी वारला तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली. राणीची गोष्ट खरी असती तर ती साडी कशासाठी? ऐकीव शेवट आणि त्या माणसाचं पुढचं आयुष्य जुळत नसेल तर ऐकीव शेवट टाकून द्या.

प्रकरण संपलं की कायदा हलला का तेही बघा. रखमाबाईंच्या पाठोपाठ 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहाअकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली. बायको दहा वर्षांच्या वरची असेल तर तो बलात्कार कायद्यात बसतच नव्हता, त्यामुळे नवऱ्याला वर्षभराची कैद झाली, बास. मग 1891 चा संमतिवयाचा कायदा आला आणि दहाचं वय बारा झालं, दोन वर्षं फक्त, आणि त्यासाठीसुद्धा पुण्यात केवढा विरोध झाला. आकडा वाचून पुढं जाऊ नका, त्या वयाची मुलगी डोळ्यासमोर आणा.

पुढच्या काळात जायचं असेल तर दोन प्रकरणं आहेत. 1925 चा बावला खून, मलबार हिलवर बावला या व्यापाऱ्याचा खून आणि त्याच्याबरोबरच्या मुमताज बेगमवर हल्ला, धागा इंदूरच्या तुकोजीराव होळकरांपर्यंत गेला आणि 1926 मध्ये त्यांना गादी सोडावी लागली. यात गॉसिप इतकं आहे की त्यात बुडून जाल, म्हणून मुमताजची कोर्टातली साक्ष धरून चाला, ती होळकरांचा दरबार सोडून का पळाली ते तिनं सांगितलंय. दुसरं र. धों. कर्वे, 1927 ला त्यांनी समाजस्वास्थ्य सुरू केलं, लैंगिक शिक्षण आणि संततिनियमनावर लिहिलं म्हणून अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले, एका खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले तरी हरले. इथं प्रकरण असं काही घडलंच नव्हतं, नुसतं बोलणं हाच गुन्हा, आणि मला वाटतं हे वाचल्यावर आधीची सगळी प्रकरणं परत एकदा वाचावीशी वाटतात.

स्वतः लिहिणार असाल तर आरोप, साक्ष आणि निकाल या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवा, आरोपाला निकाल म्हणून लिहू नका. कागदात नसलेले शयनघरातले प्रसंग रंगवू नका, त्या बाईला एकदा लोकांनी चघळलंय, परत नको. एका माणसाच्या वागण्यावरून अख्खी जात किंवा पंथ बदनाम करू नका, करसनदास स्वतः त्याच पंथाच्या घरातला होता.

सुरुवात 1885 च्या पिन्हींच्या निकालापासून करा, मग ती दोन पत्रं, मग 1886 चं अपील, आणि त्यानंतर महाराज लायबलचा जाडजूड रिपोर्ट, तोही भाऊ दाजींच्या साक्षीपासून.