गणपतीला किती दिवस उरले? टर्मिनललाच विचारा

येणाऱ्या सणासमारंभांचे दिवस मोजायला लिनक्सवर वेगळं अ‍ॅप लागत नाही. एक साधी टेक्स्ट फाइल आणि बॅशची (टर्मिनलमध्ये दिलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) दहाएक ओळींची स्क्रिप्ट पुरते.

आधी फाइल. एका ओळीत एकच कार्यक्रम: तारीख, उभी रेघ, नाव.

२०२६-०९-१४|गणेश चतुर्थी
२०२६-११-०८|लक्ष्मीपूजन

फाइलमध्ये आकडे मात्र इंग्रजीच टाका. देवनागरी आकडे तारखा वाचणाऱ्या 'डेट' कमांडला कळत नाहीत. क्रमही वर्ष-महिना-दिवस असाच ठेवा. ०५/१०/२०२६ म्हणजे आपल्यासाठी ५ ऑक्टोबर, पण 'डेट' ते १० मे असं वाचते. एरर येत नाही, नुसतं उत्तर चुकतं, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

आता हिशेब. 'डेट'ला हायफन-डी देऊन तारीख सांगितली आणि टक्का-एस मागितलं, की १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मिळतात. कार्यक्रमाच्या सेकंदांतून आजचे सेकंद वजा करा आणि ८६,४०० ने भागा. इथे बहुतेक जण 'आज'ऐवजी 'आत्ता'चे सेकंद घेतात. मग १३ सप्टेंबरला रात्री ९ वाजता चतुर्थीला ३ तास उरतात, बॅश अपूर्णांक टाकून देतं आणि स्क्रीनवर ० येतो. गणपती उद्या, आणि स्क्रिप्ट म्हणते आज!

म्हणून मध्यरात्र ते मध्यरात्र मोजा. आधी टक्का-एफ देऊन आजची तारीख घ्या, मग दोन्ही तारखांचे सेकंद हायफन-यू लावून, म्हणजे यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) काढा. अमेरिका-युरोपात घड्याळ पुढे करतात तो दिवस २३ तासांचा असतो. स्थानिक वेळेने भागलं तर तिथे एक दिवस कमी भरतो. यूटीसीत ही भानगड नाही. पण आजची तारीख घेताना हायफन-यू लावू नका. भारतात रात्री १२ ते पहाटे ५:३० यूटीसीची तारीख कालचीच असते.

फाइल वाचताना उभ्या रेघेवर ओळ तोडा, म्हणजे नावातल्या मोकळ्या जागा त्रास देत नाहीत. रिकामी ओळ वगळायची अट घालाच: रिकाम्या तारखेला 'डेट' आजची तारीख समजते आणि यादीत बिननावाचा ० दिवसांचा कार्यक्रम उगवतो. उत्तर ऋण आलं तर ती ओळ सोडून द्या.

छापताना आकडा आधी, नाव शेवटी. बॅशचं प्रिंटएफ (छापायची कमांड) रुंदी बाइटमध्ये मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'गणपती'त ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. नाव आधी छापलं तर रकाने वाकडेतिकडे होतात. शेवटी सगळं 'सॉर्ट' या क्रम लावणाऱ्या कमांडमधून, आकड्यांसाठी हायफन-एन लावून, काढा. जवळचा सण वर येतो.

सीएचमॉड कमांडने स्क्रिप्टला चालवायची परवानगी द्या आणि बॅशआरसीच्या (बॅश सुरू होताना वाचतं त्या फाइलच्या) तळाशी तिचा पूर्ण पत्ता टाका. टर्मिनल उघडलं की यादी समोर.

मॅकवरची 'डेट' वेगळी आहे, तिथे हायफन-डी असं चालत नाही. होमब्रूने (मॅकवर प्रोग्रॅम बसवायच्या साधनाने) कोअरयूटिल्स हा कमांडचा संच घ्या आणि 'जीडेट' वापरा.

वाढदिवस, महाराष्ट्र दिन यांचं वर्ष स्क्रिप्टला आपोआप पुढे ढकलता येतं. २९ फेब्रुवारीचा वाढदिवस मात्र इतर वर्षी 'अवैध तारीख' म्हणून अडतो. तिथीचे सण असे ढकलू नका. चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे १४ सप्टेंबरला गेली. नवं पंचांग हातात आलं, की त्या तारखा हातानेच भरा.