‘क्राइम अँड पनिशमेंट’ अर्ध्यावर सोडली असेल तर पुन्हा कशी वाचावी

ही कादंबरी मी दोनदा सोडली. पहिल्यांदा घोडीच्या स्वप्नापाशी, दुसऱ्यांदा दुसऱ्या भागातल्या तापात. तिसऱ्या वेळी पूर्ण केली, आणि तरीही ती आवडली का, याचं उत्तर मला एका शब्दात देता येत नाही. तुम्हीही अशाच कुठेतरी अडकला असाल, तर मला उपयोगी पडलेली पद्धत सांगते. कथानक थोडं उघड होईल, पण खून कोणी केला हे लेखक स्वतःच पहिल्या भागात दाखवतो.

आधी घाई सोडा. दस्तयेव्हस्कीची ही कादंबरी १८६६ साली मासिकातून क्रमशः आली. तिच्या पहिल्या वाचकांना दोन हप्त्यांच्या मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळत होता. मी मात्र ती आठवड्याभरात संपवायला निघाले होते. सहा भाग आणि उपसंहार मिळून ४१ प्रकरणं आहेत. रोज एकच वाचा. मन भरून आलं की त्या दिवशी तिथेच थांबा, उद्याचं प्रकरण कुठे पळून जात नाही.

अनुवाद निवडताना पहिलं पान बघू नका, पहिल्या भागातलं दुसरं प्रकरण बघा. गुत्त्यात बसलेला मार्मेलादोव्ह आपल्या घराची धूळधाण अनोळखी माणसाला सांगत सुटतो, ते प्रकरण. तो माणूस तुम्हाला ऐकू आला, तर तो अनुवाद तुमचा. कॉन्स्टन्स गार्नेट यांचा १९१४ चा इंग्रजी अनुवाद मला सरळ, वाहता वाटला. पेव्हिअर आणि वोलोखोन्स्की यांचा १९९२ चा जास्त खडबडीत. मी दुसरा निवडला, कारण मार्मेलादोव्हचं बोलणं गुळगुळीत झालेलं मला सहन होईना.

नावांसाठी एक जाड कागद पुस्तकातच ठेवा. मधलं नाव वडिलांवरून येतं, एवढं धरून ठेवलं की निम्मा गोंधळ सुटतो: कादंबरीचा नायक आणि खुनी रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव्ह म्हणजे आईचा रोद्या, आणि अवदोत्या रोमानोव्हना म्हणजे त्याची बहीण दुन्या. मार्मेलादोव्हची मुलगी सोफ्या सेम्योनोव्हना हीच सोन्या. ‘रास्कोल’ या रशियन शब्दाचा अर्थ फूट, दुफळी. हेही त्या कागदावर लिहा. पुढे रास्कोल्निकोव्ह हाताला लागतील ते पैसे एका दुःखी कुटुंबाला देऊन टाकतो आणि लगेच त्याच गोष्टीवर चडफडतो, तेव्हा हा शब्द कामाला येतो.

आणि डोळ्यांपुढचा बर्फ काढून टाका. रशिया म्हटलं की मला बर्फच दिसायचा, पण कादंबरी जुलैच्या सुरुवातीला सुरू होते. पीटर्सबर्गमधला असह्य उकाडा, चुना, धूळ, गुत्त्यांचा दर्प. ज्या सावकारणीचा खून करायचा, तिच्या घरापर्यंतची पावलं रास्कोल्निकोव्हने मोजून ठेवली आहेत: ७३०. कोंदट खोलीतला हा उपाशी मुलगा तेवढंच अंतर मनात पुन्हा पुन्हा चालतो आहे, हे अंगावर घेतलं की त्याचा चिडचिडेपणा समजू लागतो. क्षम्य मुळीच होत नाही.

पहिल्या भागातलं पाचवं प्रकरण, घोडीचं, दिवसाउजेडी आणि एकटंच वाचा. मरतुकड्या घोडीला जमाव मरेपर्यंत मारतो आणि लहान मुलगा तिच्या डोक्याला मिठी मारतो. मला ते आजही दुसऱ्यांदा वाचवत नाही. नाहीच झेपलं तर पान उलटा, पण काय घडलं एवढं ठाऊक असू द्या, कारण ते स्वप्न ज्याला पडलं तोच पुढे कुऱ्हाड उचलतो. सहावं आणि सातवं प्रकरण मात्र एका बैठकीत संपवा. मध्ये थांबलात तर रात्रभर त्या दारामागे उभे राहाल.

दुसऱ्या भागात वाचक गळतात. ताप, बडबड, तेच तेच येणं-जाणं. इथे वेग वाढवला तरी चालेल. तुमची ताकद राखून ठेवायची ती पोर्फिरीसाठी. तपास करणाऱ्या या माणसाशी रास्कोल्निकोव्हच्या तीन मोठ्या भेटी होतात: तिसऱ्या भागाचं पाचवं प्रकरण, चौथ्याचं पाचवं, सहाव्याचं दुसरं. या तिन्ही मोठ्याने वाचा. पोर्फिरीची ‘हे-हे’ कानावर पडल्याशिवाय त्याची भीती कळत नाही.

आता राग. तो येणारच, आणि त्याला जागा द्या. मी वहीचं पान उभं दुमडलं: डावीकडे जे भिडलं ते, उजवीकडे जे खुपलं ते. उजवीकडे सोन्याच भरून राहिली. घर चालवायला तिने शरीर विकायचं, वर खुन्याचं मनही तिनेच सावरायचं, आणि तिला स्वतःसाठी काय हवं होतं हे कोणी विचारायचं नाही. आणि लिझावेता! सावकारणीची ही निरुपद्रवी बहीण तशीच मारली जाते, पण रास्कोल्निकोव्ह ‘असामान्य माणसाला गुन्ह्याचाही अधिकार असतो’ या आपल्या सिद्धान्तावर पानंच्या पानं बोलतो आणि तिचं नाव क्वचित घेतो. मी समासात दर वेळी ‘लिझावेता?’ लिहीत गेले. तुम्हीही तिच्यासाठी खूण ठेवा.

उपसंहार शेवटच्या प्रकरणानंतर लगेच वाचू नका; दोन दिवस जाऊ द्या. सैबेरिया, आठ वर्षांची सक्तमजुरी, आणि नदीकाठी तो अचानक सोन्याच्या पायाशी कोसळतो. मला ते पटलं नाही. अभिमानाला चिकटून राहिलेला माणूस एका सकाळी असा वितळतो? पण लिहिणारा स्वतः ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षं होता, त्याआधी १८४९ मध्ये गोळ्या घालण्यासाठी उभा केला गेला होता आणि ऐन वेळी शिक्षा बदलली होती. म्हणून हा शेवट खोटा आहे असंही मला म्हणवत नाही. वहीत तो दोन्ही बाजूंना लिहिलेला आहे.

पूर्ण झाल्यावर सगळी पुन्हा वाचायची गरज नाही. चौथ्या भागाचं तिसरं प्रकरण तेवढं उघडा. अंधाऱ्या बोळात, दिव्यापाशी, रझुमिखिन आणि रास्कोल्निकोव्ह मिनिटभर एकमेकांकडे बघतात. कोणी काही सांगत नाही, पण मित्राला सगळं कळतं. माझ्या प्रतीत त्या पानाचा कोपरा दुमडून दुमडून फाटायला आला आहे.