मालदीवचा वॉटर व्हिला: आधी पाणी बघा, मग खोली

मालदीवचं ठरलं की सगळे आधी काय करतात तर वॉटर व्हिलाचे, म्हणजे समुद्रात खांबांवर बांधलेल्या खोल्यांचे, फोटो बघत बसतात, काचेची फरशी, पाण्यावरची जाळी, तरंगता ब्रेकफास्ट. आम्हीही तेच केलं आणि पहिल्याच दुपारी मोठ्या हौसेने मास्क लावून डेकच्या शिडीवरून उतरलो, तर खाली कंबरेएवढं पाणी, पांढरी वाळू आणि लांब एक स्टिंग रे पसरलेला, बास. मासे होते, पण बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे रोज बगीत बसून मासे बघायला जायचं.

यात फसवणूक वगैरे काही नाही हां. वॉटर व्हिला बरेचदा बेटालगतच्या उथळ पाण्यात, म्हणजे लगूनमध्येच बांधतात कारण तिथे पाणी शांत असतं, आणि कोरल (प्रवाळ) असतं लगूनच्या बाहेरच्या कडेला, जिथून तळ एकदम खोल जातो. त्या कडेच्या कोरलला हाऊस रीफ म्हणतात आणि सगळी गंमत तिथे असते. म्हणून बुक करायच्या आधी गूगल मॅप्सवर सॅटेलाइट व्ह्यू उघडा. फिकट फिरोजी दिसतंय ती वाळू, करडा-तपकिरी पट्टा म्हणजे रीफ आणि त्यापुढचा गडद निळा म्हणजे खोल पाणी. गडद निळा किनाऱ्याच्या किंवा व्हिलाच्या जेवढा जवळ तेवढं बरं. मग रिसॉर्टला सरळ मेल टाकून दोनच प्रश्न विचारा, हाऊस रीफ किती मीटरवर आहे आणि माझ्या व्हिलाच्या शिडीवरून पोहत तिथे जाता येतं का. उत्तर गोलगोल आलं तर समजून जा. आणि रिव्ह्यू गेल्या वर्षभरातलेच वाचा, कारण १९९८, २०१६ आणि परत २०२४ मध्ये पाणी तापून कोरल पांढरं पडलं होतं, जुन्या रिव्ह्यूमधलं रंगीत कोरल आज तसंच असेल असं नाही.

रीफ जवळ आणि वॉटर व्हिला महाग असं झालं तर दोन रात्री बीच व्हिला, शेवटच्या दोन वॉटर व्हिला असं करा, हौसही होते आणि पैसेही वाचतात.

पैशांचं आधीच क्लिअर करून घ्या. रेटच्या पुढे दोन अधिकची चिन्हं असली तर त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर १७ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १०० डॉलरचे जवळपास १२९ होतात. शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर ग्रीन टॅक्स. आणि खरी चाट बसते ती ट्रान्सफरला, माले एअरपोर्टपासून लांबच्या बेटांना सीप्लेन लागतं आणि त्याचे येऊन-जाऊन माणशी चारशे-पाचशे डॉलर सहज जातात. सीप्लेन फक्त उजेडात उडतं, त्यामुळे दुपारी साडेतीनच्या पुढे उतरणारी फ्लाइट घेतलीत तर ती रात्र मालेजवळ काढावी लागायची शक्यता धरा. स्पीडबोटने जाता येईल असं बेट मिळालं तर ही कटकटच नाही.

व्हिसा भारतीयांना तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, फक्त प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत इमूगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तोही फुकट, कोणी पैसे मागितले तर ती साइट बंद करा. दारू बॅगेतून नेता येत नाही, ड्यूटी फ्रीची पण नाही. पूजेच्या मूर्तीही चालत नाहीत, तेव्हा पर्समधला छोटा गणपती घरीच ठेवा. प्लगला तीन चौकोनी पिनांचा अॅडॉप्टर न्या.

सीझन म्हणाल तर डिसेंबर ते एप्रिल कोरडा आणि महाग. मे ते नोव्हेंबर पाऊस असतो, पण तेव्हाच बा अटॉल या बेटांच्या समूहातल्या हनीफारू बे मध्ये मांटा रे, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे जमतात, तिथे सिलिंडर लावून स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची ट्यूब लावून वरून तरंगत बघणं. आपल्याला त्याचाच आनंद.

आता स्नॉर्केलिंग. मालवण-तारकर्लीला गाइडने हवेच्या टायरला धरून फिरवलं असेल तर तेवढ्यावर जाऊ नका, जायच्या आधी स्विमिंग पूलमध्ये तीन-चार दिवस मास्क लावून नुसतं तोंडाने श्वास घ्यायची सवय करा. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने श्वास आत ओढायचा, हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर तुमचा. मिशीवाल्यांनी विशेष लक्ष द्या, माझ्या मिशीतून पाणी आत शिरायचं, शेवटी नाकाखाली व्हॅसलीनचा जाड थर दिला तेव्हा थांबलं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून हलकं विसळायचं. किळस वाटत असेल तर बेबी शॅम्पूचा एक थेंब.

श्वासाच्या ट्यूबमध्ये पाणी गेलं तर डोकं वर काढून धडपडायचं नाही, जोरात फूऽ करून एकाच फुंकरीत बाहेर टाकायचं. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा म्हणजे दमल्यावर येताना पाणीच आणून सोडतं. एकटं जायचं नाही. कोरलवर उभं राहायचं नाही, ते मरतं आणि तुमचा पायही फाटतो. आणि लांब बाह्यांचा स्विमशर्ट घालाच, उघड्या पाठीने तास दीड तास पाण्यात राहिलो आणि पुढचे दोन दिवस पालथं झोपून काढले.

छोटे ब्लॅकटिप शार्क दिसतील, ते तुम्हालाच घाबरून पळतात. सांभाळायचं ते टायटन ट्रिगरफिशला, अंडी राखत असेल तर अंगावर येतो आणि चावतो. त्याची हद्द घरट्यापासून वरवर फनेलसारखी रुंद होत जाते, म्हणून वर न जाता आडवं पोहत लांब सटकायचं.

पोहता येत नसेल तरी जाता येतं. माझी आई बासष्टची, लाइफ जॅकेट घालून गाइडच्या रिंगला धरून गेली, पाच मिनिटं पालथी शांत पडून होती, मला टेन्शन, तेवढ्यात मान वर काढून ओरडली, "अरे, कोण तरी खाली कुर्रम कुर्रम चावतंय!" पॅरटफिश होता, कोरल कुरतडण्याचा आवाज पाण्यात स्पष्ट येतो, आणि ते कोरल पोटात दळून तो जे मागून सोडतो ती वाळू. आईला हे सांगितलं तर बीचवर बसायला तयार होईना.

व्हिलात उतरल्यावर ओहोटीला एकदा शिडीखाली किती पाणी असतं ते बघून घ्या, वरून उडी मारायची सुरसुरी त्यानंतर. शेवटच्या पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत असतात. डेकच्या फळ्यांमध्ये फटी असतात, बायकोचं एक कानातलं तिथेच समुद्राला वाहिलं.

ब्रेकफास्टला मासहुनी खा, ट्यूना, खोबरं, कांदा, मिरची आणि सोबत रोशी, म्हणजे आपली पोळीच. तिथल्या दिवेही भाषेत मास म्हणजे मासा, म्हणून व्हेजवाल्यांनी नाव वाचून दुसरंच काही समजू नये. व्हेज असाल तर आधी कळवा, किचनमध्ये भारतीय कुक बरेचदा असतात, आम्हाला तिसऱ्या दिवशी न मागता वरणभात आला.

घड्याळाचं तेवढं विचारा. मालदीव आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पण काही रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ एक तास पुढे ठेवतात, परतीच्या सीप्लेनची वेळ नक्की कुठल्या घड्याळाची ते रिसेप्शनवर आदल्या रात्रीच पक्कं करून घ्या. सीप्लेनला सामान २० किलो आणि हातात ५, ओले कपडे पिळून भरा. शंख-कोरल मात्र उचलू नका, देशाबाहेर न्यायला बंदी आहे.