लक्षद्वीपची सहल आखताना या चुका टाळा

लक्षद्वीपला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी कोचीचं तिकीट काढतात, मग राहायची जागा शोधायला लागतात आणि बेटांवर जाण्याच्या परवान्याची आठवण सगळ्यात शेवटी होते. इतर सहलींना हा क्रम चालतो, इथे तो महागात पडतो. आधी राहण्याची जागा आणि परवाना, मग बेटावर नेणारं जहाज किंवा विमान, आणि कोचीपर्यंतचा प्रवास सर्वांत शेवटी. एवढा क्रम पाळला तरी निम्मी धावपळ वाचते.

परवाना हलक्यात घेणं

लक्षद्वीप भारतातच आहे, मग परवाना कशाला, असं अनेकांना वाटतं. पण १९६७ च्या नियमांनुसार बाहेरच्या भारतीयांनाही तो लागतो. बेटांवरचे मूळ रहिवासी अनुसूचित जमातींत मोडतात, त्यांचं हित जपणं हा त्यामागचा हेतू. शिवाय जागा किती, तर ३६ बेटं मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, आणि त्यातल्या फक्त १० बेटांवर कायमची वस्ती. जमिनीतलं गोडं पाणी म्हणजे वाळूखाली साठलेला पावसाचा पातळ थर. उपसा वाढला की त्यात खारं पाणी शिरतं. अशा ठिकाणी माणसं मोजूनच येऊ द्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्ज भरताना दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, नाव. ओळखपत्रावर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने अर्जात आणि तिकिटावर हवं. दुसरी, बेटांची नावं. बंगारमला राहणार म्हणून फक्त बंगारम लिहून भागत नाही, विमान अगत्तीला उतरतं. जिथे जिथे पाय ठेवणार, ते प्रत्येक बेट लिहा. पोलिसांचा दाखला मागितला तर तो मिळायला वेळ लागतो, तेव्हा तेवढी सवड हाताशी ठेवूनच तारखा धरा. अधिकृत सहलीत किंवा रिसॉर्टमध्ये जागा घेतली असेल तर परवान्याचं काम बहुतेक वेळा तेच बघतात. पण ‘बघतो’ या शब्दावर थांबू नका, परवान्याची प्रत हातात आल्यावरच पुढची तिकिटं काढा. घरातल्या कोणाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर त्यांचे नियम वेगळे आहेत आणि जाता येईल अशी बेटंही कमी, हे आधीच विचारून घ्या.

नकाशा पाहून बेटं जोडत जाणं

नकाशावर सगळे ठिपके शेजारी शेजारी दिसतात. प्रत्यक्षात मिनिकॉय आणि बाकीच्या बेटांमध्ये नाइन डिग्री चॅनल आहे, जवळपास २०० किलोमीटरचा खुला समुद्र. चार दिवसांत अगत्ती, कवरत्ती, कदमत आणि मिनिकॉय असा बेत आखला तर सुट्टी धक्क्यावर वाट पाहण्यातच जाईल. अगत्तीला उतरून बोटीने बंगारम गाठणं आणि त्याच खाजणातलं, म्हणजे प्रवाळभिंतीने अडवलेल्या उथळ पाण्यातलं, तिन्नकरा बेट पाहणं, हे पहिल्या खेपेला पुरेसं आहे. एकाच बेटावर मुक्काम केला तरी काही बिघडत नाही. जास्त बेटं पाहायचीच असतील तर जहाजाची सहल बरी, पण अशा काही सहलींत रात्रीचा मुक्काम जहाजावरच असतो आणि बेटावर फक्त दिवस घालवायचा असतो. ‘बेटावर राहायचं’ अशी आस धरून गेलेली माणसं इथे हिरमुसतात, म्हणून आरक्षणाआधीच विचारा.

जहाजातून उतरण्याचा विचार न करणं

या गोष्टीबद्दल फारसं कोणी सांगत नाही, आणि ज्येष्ठांसाठी तर हीच सर्वांत महत्त्वाची. कोचीहून जहाजाला बेटानुसार साधारण १४ ते १८ तास लागतात. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी जहाज प्रवाळभिंतीच्या बाहेरच थांबतं, कारण आतलं खाजण उथळ असतं. तिथे लाटांवर वरखाली होणाऱ्या छोट्या बोटीत पाऊल टाकावं लागतं. खलाशी हात धरून उतरवतात, ते त्यात तरबेज असतात. पण गुडघे दुखत असतील, तोल जात असेल किंवा कडेवर मूल असेल तर हा क्षण कठीण आहे. अशांनी विमानच घ्यावं. सामान चाकांच्या बॅगेत नको, पाठीवरच्या पिशवीत भरा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. बोट लागण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी जहाज सुटण्याआधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

विमानाचीही मर्यादा आहे. अगत्तीची धावपट्टी साधारण १,२०० मीटरची, म्हणून तिथे लहान विमानं उतरतात. जागा मोजक्या, सामानाचं वजनही मोजकं.

मोसम

मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र खवळलेला असतो, आंतरबेट बोटी बंद पडतात. ऑक्टोबर ते एप्रिल हाच काळ धरा.

प्रवाळाला दगड समजणं

ओहोटीला खाजणात गुडघाभर पाणी उरतं आणि लोक सरळ प्रवाळावरून चालत जातात. तो सजीव आहे. एका पावलाखाली मोडलेली फांदी पुन्हा वाढायला वर्षं लागतात. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापल्याने इथला प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडून दुबळा झाला, २०२४ मध्येही तेच झालं. आणि या प्रवाळभिंतीच लाटांचा जोर अडवतात. बंगारमजवळचं परळी-१ हे निर्जन बेट झिजून पाण्याखाली गेलं आहे. म्हणून उथळ पाण्यात वाळूवरच उभं राहा, पोहायला भरतीची वेळ विचारून घ्या. सनस्क्रीन पाण्यात विरघळत राहतं, त्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. पालथं तरंगताना पाठच सगळ्यात जास्त भाजते, तीही वाचते. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण दिलं आहे आणि सामानात तो सापडला तर प्रकरण गुन्ह्यापर्यंत जातं.

काही छोट्या गोष्टी

बंगारम सोडता दारूबंदी आहे, बाटली नेऊ नका. वस्तीत फिरताना अंगभर कपडे घाला. तिथली माणसं अगत्यशील आहेत, त्यांच्या घरांचे आणि बायाबापड्यांचे फोटो न विचारता काढू नका. रोख पैसे आणि नेहमीची औषधं पूर्ण मुक्कामाला पुरतील अशी न्या, वर दोन-तीन दिवसांची जास्तीची. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावं लागतं, हे लक्षात घेऊन हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

परतीचा दिवस घट्ट बांधणं

हवामान बिघडलं की जहाज लांबतं, विमान रद्द होतं. त्याच संध्याकाळी कोचीहून पुढचं तिकीट असेल आणि ते वेगळं काढलेलं असेल, तर पैसे बुडाले. मध्ये एक रात्र कोचीत मोकळी ठेवा. बेटावर अडकलात तर आधी परवान्याची मुदत पाहा आणि ती संपण्याआधीच मुक्कामाच्या ठिकाणच्या लोकांमार्फत प्रशासनाला कळवा, तिकिटाचं नंतर बघा. स्कूबा डायव्हिंग पहिल्या दिवसांत उरकून घ्या: अनेक डाइव्ह केल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं. एकच केली असेल तर निदान १२ तास.