कोकणातल्या जमिनीत कुठे काय लावायचं, ते कसं ठरवावं

कोकणात एका घराची जमीन सहसा एका जागी नसते. थोडा मळा पऱ्याकाठी (ओढ्याकाठी), थोडी वरकस म्हणजे हलकी जमीन उतरणीला, वर कातळ, खाडीकाठच्या गावात जोडीला खाजण, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेली खारी जमीन. म्हणून ‘यंदा काय लावू?’ हे अख्ख्या जमिनीसाठी एकदम ठरवता येत नाही. पाऊस असा बेभरवशाचा झाल्यावर तर तुकड्यातुकड्याचा वेगळा विचार हवाच.

१. भर पावसात जमीन फिरा. बहुतेकजण मे महिन्यात जमीन बघतात आणि तेव्हाच कलमांचे खड्डे मारतात. खरी जमीन दिसते ती जुलैत. मोठी सर थांबली की काठी घेऊन निघा. पाणी साचलंय तिथे काठी रोवा, पाण्याच्या रेषेवर खूण करा आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बघा. पाणी खुणेवरच असेल तर तिथे आंबा-काजू नको, ती जागा भाताची. गडगा (दगडी कुंपण) कुठे ढासळतो, उतारावरून लाल गढूळ पाणी कुठून येतं, तेही टिपा. मार्चमध्ये विहीर बघा आणि मे महिन्यात खाजणात मिठाचे पांढरे पापुद्रे कुठवर आलेत ते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, २६ जुलै २००५ ला आणि जुलै २०२१ ला पाणी कुठल्या बांधापर्यंत चढलं होतं.

२. वही ठेवा. पाऊस कधी धरला, मधली सर्वात लांब उघडीप किती दिवसांची, ऑक्टोबरचा शेवटचा पाऊस, मोहोर कधी आला, अवकाळी कधी पडला. चारपाच वर्षांच्या नोंदी असल्या की गेल्या एका वर्षाच्या धसक्याने निर्णय होत नाही.

३. माती तपासा, प्रत्येक तुकड्याची वेगळी. भातासाठी आठदहा ठिकाणची २० सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती मिसळून साधारण अर्धा किलो द्या. उकिरड्याजवळची घेऊ नका.

४. कुठला निर्णय फिरवता येतो, ते बघा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. भाताचं वाण पुढच्या वर्षी बदलता येतं. वरकसावर उघडीप सोसत नसेल तर हळवं (लवकर तयार होणारं) भात किंवा नाचणी घ्या. मात्र परतीचा पाऊस लांबतो तेव्हा हळवं भात नेमकं त्याच्यात कापणीला येतं आणि कापलेला पेंढा शेतातच भिजतो. मळ्यात ओल टिकते, तिथे निमगरवं (मध्यम मुदतीचं) भात सोयीचं पडतं.

झाडाचं तसं नाही. ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने ‘निसर्ग’ वादळ आत शिरलं आणि सुपारीच्या उभ्या बागा काही तासांत झोपल्या. नवीन सुपारी धरायला सहासात वर्षं जातात. तेवढी वर्षं घर कशावर चालणार? म्हणून सगळी जागा एकाच फळझाडाखाली घालू नका. हापूसला मोहोरासाठी थंडी लागते. थंडी कमी पडली की पालवीच फुटते, आणि मोहोरावर अवकाळी पडला की करपा रोग येतो. हापूसबरोबर ‘रत्ना’ या आंब्याच्या जातीची थोडी कलमं, उतरणीला काजू, सावलीत कोकम-जायफळ असं वाटून लावलं, तर सगळं एकाच वर्षी जात नाही.

कातळ फोडून माती भरणं मात्र कायमचं. सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) पाणी कुठे मुरतं आणि खालच्या कुणाच्या विहिरीला लागतं, ते कळल्याशिवाय तिथे जेसीबी नेऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

५. खाजणाचा निर्णय एकट्याने होत नाही. बांध सगळ्यांचा, उघाडीही (बांधातलं पाणी सोडायचं दारही) सगळ्यांची. एकाने शेत टाकलं आणि बांधाला खांड (भगदाड) पडलं, की भरतीचं पाणी शेजाऱ्याच्याही भातात शिरतं. पुढे कांदळवन वाढलं की कायद्याने ते तोडता येत नाही, शेत परत मिळणं अवघड होतं. म्हणून पावसाळ्याआधी सगळ्या खातेदारांनी मिळून बांध बघावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘पनवेल’ मालिकेतली खार सोसणारी भातं आहेत, त्यांची चौकशी करा.

६. कागद. सातबारा सामायिक असेल तर झाडं लावण्याआधी भावकीची लेखी संमती घ्या. ई-पीक पाहणीत नोंद करा. आंबा-काजूचा विमा हवामान केंद्राच्या आकड्यांवर मिळतो, तेव्हा तुमच्या महसूल मंडळातलं केंद्र कुठे आहे ते माहीत करून घ्या.

नवीन पीक आधी दोन गुंठ्यांत, तेही सर्वात वाईट तुकड्यात लावून बघा. तिथे एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढला, तरच पुढची कलमं आणायला नर्सरीत जा.