विषय, मुद्दा, प्रश्न की प्रकरण? बोलण्यात आणि सभेच्या कागदात नेमका शब्द कसा निवडावा

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी गळते आहे. या एकाच गळतीला मराठीत विषय, मुद्दा, प्रश्न, बाब आणि प्रकरण असं काहीही म्हणता येतं, पण प्रत्येक वेळी अर्थ वेगळा होतो. कोशात हे शब्द शेजारी बसतात, वाक्यात एकमेकांच्या जागा सहज घेत नाहीत. नेमका शब्द निवडायचा तर पुढे येणारं क्रियापद आधी ठरवा. विषय निघतो, मुद्दा मांडला जातो, प्रश्न सुटतो, प्रकरण मिटतं आणि बाब निदर्शनास येते. ‘मुद्दा सुटला’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला तो बोलायचा राहून गेला असं वाटतं.

‘विषय’ सगळ्यांत मोकळा. त्यात बाजू घ्यावी लागत नाही, म्हणून सभेच्या विषयपत्रिकेत हाच शब्द येतो. तिथे लिहायची पद्धत ठरलेली आहे: ‘विषय क्र. 4: गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीबाबत विचार करून निर्णय घेणे.’ वाक्य ‘णे’वर संपतं आणि त्यात कोणाचं मत डोकावत नाही. ‘टाकीच्या निकृष्ट कामाबाबत’ असं लिहिलंत की सभेआधीच निकाल दिल्यासारखं होतं आणि पहिला अर्धा तास त्या ‘निकृष्ट’वरच जातो. नुसतं ‘टाकी’ लिहिलं तर सभेत दुरुस्ती ठरणार, नवी टाकी की वर्गणी, हे सभासदांना कळत नाही. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ असतोच, पण ज्याला रीतसर नोटीस लागते असं काही त्यात घुसवता येत नाही.

बोलताना विषय काढतात, टाळतात, वाढवतात. ‘विषय संपला’ म्हणजे आता पुरे. कोल्हापुरी ‘विषय हार्ड’ मात्र सभेच्या बाहेरच बरा, तिथे तो शब्द कौतुकाचा आहे.

‘मुद्दा’ विषयाच्या पोटात असतो आणि त्याला हो किंवा नाही म्हणता येतं. टाकीची दुरुस्ती हा विषय. खर्च दुरुस्ती निधीतून करावा, हा मुद्दा. एका विषयात चार मुद्दे निघू शकतात. दिवाणी दाव्यात न्यायालय वादाचे मुद्दे निश्चित करतं तेही याच अर्थाने: एक पक्ष जे म्हणतो आणि दुसरा नाकारतो, तो मुद्दा. निकालपत्रात प्रत्येक मुद्द्यासमोर निष्कर्ष लिहिलेला असतो. विधिमंडळात हरकतीचा मुद्दा आणि औचित्याचा मुद्दा असे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिला कामकाजाच्या नियमाबद्दलचा असतो, दुसरा योग्यायोग्यतेचा. मुद्दा मांडतात, उपस्थित करतात, लावून धरतात, खोडून काढतात. हल्ली बातम्यांत ‘मुद्दा उठवला’ दिसतं, ते सरळ हिंदीतून आलेलं आहे. आपलं ‘उपस्थित केला’ किंवा साधं ‘काढला’ पुरेसं आहे.

‘प्रश्न’ म्हणजे अडचण, म्हणून त्याला उत्तर किंवा तोडगा हवा. पाण्याचा प्रश्न चिघळतो, ऐरणीवर येतो, मार्गी लागतो. (विधिमंडळातला तारांकित प्रश्न मात्र खरोखर विचारायचा प्रश्न असतो आणि त्याला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं.) ज्यात काही अडलेलंच नाही त्याला प्रश्न म्हणू नका. ‘वार्षिक सहलीचा प्रश्न’ ऐकून लोकांना वाटतं, पैसे कमी पडले असावेत.

‘प्रकरण’ वापरताना जपून. कचेरीत ते निरुपद्रवी आहे: ‘आपले प्रकरण प्रलंबित आहे’ म्हणजे फाइल पुढे सरकलेली नाही. बाहेर त्याला संशयाचा वास येतो. ‘टाकी प्रकरण’ म्हटलं की कोणीतरी पैसे खाल्ले असं ऐकू येतं, आणि दोन माणसांचं ‘प्रकरण’ म्हटलं की काय अर्थ होतो ते सांगायला नको. प्रकरण दाबतात, उघडकीस आणतात, अंगाशी येतं. इतिवृत्तात हा शब्द नकोच.

‘बाब’ ही पत्रव्यवहारातली. ‘टाकी गळत असल्याची बाब आपल्या निदर्शनास आणून देत आहोत’ हे अर्जात शोभतं. घरी कोणी असं बोललं तर हसतील. हा शब्द स्त्रीलिंगी आहे: ती बाब, त्या बाबी. ‘या बाबीबाबत’ असा जोड अर्जांत सर्रास दिसतो, तिथे ‘याबाबत’ एवढंच लिहा. पत्राच्या डोक्यावरची ‘विषय’ ही ओळ अर्ध्या वाक्यात आटपावी आणि आधीच्या पत्राचा क्रमांक, तारीख खालच्या ‘संदर्भ’ ओळीत टाकावी. दोन्ही एकत्र केलं की आवक-जावक नोंदवणाऱ्याला पत्र कुठल्या फाइलला लावायचं ते उमगत नाही.

आणि लिहिताना ‘मुद्यावर’ नव्हे, ‘मुद्द्यावर’. एक ‘द’ गाळू नका.